गरम हाताला थंड पाणी

तीर्थरूप तियो मेलेन्सियो यांस,

ज्या क्षणी प्रयोगशाळेत माझ्या उजव्या हाताने पेट घेतला आणि मी "पाणी नको! पाणी नको!" असं ओरडलो, त्या क्षणी माझं सगळं बदललं. पण ते नंतर. आधी रीत. तुमचा हात मी इथूनच उचलून कपाळाला लावला आहे. तो लागला असं समजून आशीर्वाद सोडावा. नेहमीपेक्षा जरा मोठा सोडावा, आज मला त्याची फार गरज आहे. पत्र ओफेलिया तितांच्या हाती देतोय. शनिवारी अमेरिकेहून इलोइलोला उतरल्या की त्या आधी तुमच्याकडे येतील आणि मगच स्वतःच्या घरी जातील, असं त्यांनी मेरीमातेची शपथ घेऊन कबूल केलं आहे. (तिता, तुम्ही हे विमानात फोडून वाचत असाल तर इथेच थांबा. पुढे तुमच्याबद्दल वाईट लिहिलं आहे.)

तुमचे गुडघे कसे आहेत? लाल कोंबडा झुंजीत अजून जिंकतोय, की त्याचं सूप झालं? आई सांगत होती, शेजारच्या नोर्बिंगच्या सुक्या मासळीच्या वासावरून तुम्ही हल्ली भांडत नाही. वास येतच नाही म्हणता. ऐकून मी शिट्टीच वाजवली. मी जन्मायच्या आधीपासूनचं भांडण माणसाने असं नुसत्या नाकाने मिटवावं, ही थोरवी तुमचीच. आपल्या नेनेंगच्या लग्नाचं चित्रीकरणही पाहिलं. काय नाचलात! उजवा हात वाऱ्यावर आणि डावा अंगाला चिकटलेला, जणू त्या खिशात नवरीचे दागिने सांभाळायला दिले होते. एकच तक्रार आहे. परवा फोनवर तोंड दिसत होतं तेव्हा मी तुम्हाला पाद्री आणि डुकराची गोष्ट सांगितली आणि तुम्ही हसला नाहीत. ती गोष्ट मला तुम्हीच शिकवली आहे, आणि आजवर ती सांगताना शेवटापर्यंत पोचायच्या आतच तुम्ही हसून खुर्चीवरून घसरायचात.

असो. आता मी, इंजिनियरिंग अर्ध्यावर सोडून ओफेलिया तितांच्या गाड्यावर लुंपिया तळणारा माणूस, प्रयोगशाळेत जळायला गेलोच कशाला, हे सांगतो. एका मुलीमुळे. (तुम्ही आत्ता डोळे मिटून "वाटलंच" म्हणालात, मला दिसलं.) तिचं नाव मेरिफ्लोर. ती पाम्पांगाची, म्हणजे तुमच्या मते स्वयंपाक येणारी पण तोंडाने तिखट. मागच्या वर्षी ती नर्सिंगच्या निळ्या गणवेशात, गळ्यात नळी अडकवून गाड्यावर आली आणि लुंपियाची पुडी घेताना म्हणाली, "दादा, तेल बदला जरा. एवढ्या काळ्या तेलात माणसाचं काळीज तळून निघेल." दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी झारा घेऊन अंगावर गेलो असतो. तिला मात्र म्हणालो, "मला ठाऊक आहे. मीपण नर्सिंगलाच आहे."

"हो? कितव्या सत्राला?"

"पहिल्या."

"पहिल्या सत्राची शिकवणी मीच घेते. तुला कधी पाहिलं नाही ते!"

"मी मागे बसतो."

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मागची खेप करपली, ओफेलिया तितांनी मला पाठीत चमचा हाणला, आणि मी त्याच दुपारी ॲप्रनसकट कॉलेजात जाऊन नर्सिंगचा अर्ज मागितला. खिडकीतल्या बाईंना हसू आवरेना. त्या म्हणाल्या, "बाळा, नर्सिंगच्या आधी शरीररचना, शरीररचनेच्या आधी रसायनशास्त्र, रसायनशास्त्राच्या आधी बीजगणित. शिवाय शरीरक्रिया आणि सूक्ष्मजीवशास्त्र. हे सगळं ब श्रेणीने सुटलं तर ये. मग अर्ज देईन. मग रांग आहे." मला वाटलं होतं नर्सिंगला एक दार असतं, ते ढकललं की आत मेरिफ्लोर. हे तर सात दरवाज्यांच्या किल्ल्यासारखं निघालं आणि प्रत्येक दरवाज्यावर एकेक बाई परीक्षेचा गठ्ठा घेऊन उभी.

तरी मी इरेला पेटलो. सकाळी तळण, दुपारी वर्ग, संध्याकाळी पुन्हा तळण, आणि मधल्या फटींत हाडं. माणसाच्या अंगात किती हाडं कोंबली आहेत हे तुम्हाला सांगितलं तर तुम्ही एकही पॅन्ट बेतू शकणार नाही. लुंपिया गुंडाळताना मी मनगटातल्या हाडांची नावं म्हणायचो. गिऱ्हाइकांना वाटायचं मी जेवणावर मंत्र घालतोय, त्यामुळे खप वाढला. बीजगणित इंजिनियरिंगचंच चाललं. रसायनशास्त्र रडतखडत सुटलं. हाडं सुटली. शरीरक्रिया चालू आहे. राहिलं सूक्ष्मजीवशास्त्र. त्यात मी गेल्या सत्रात एकदा आपटलो आहे, कारण माझा जंतू आणि पुस्तकातला जंतू यांचं पटेना आणि मी पुस्तकाच्या विरुद्ध उभा राहून बाईंशी वाद घातला. (माझा जंतू खोटं बोलत होता, हे नंतर कळलं.) आता हा दुसरा प्रयत्न. तिसरा आमचं कॉलेज देत नाही. आजच्या परीक्षेत ब श्रेणी हुकली की नर्सिंगचं दार कायमचं बंद, आणि मी म्हातारा होईपर्यंत काळ्या तेलासमोर.

आता तुमचा यात काय संबंध, असं तुम्ही विचाराल. तियो, सगळा संबंध तुमचाच आहे.

आई इथे म्हाताऱ्यांची शुश्रूषा करायला आली तेव्हा मी मोलोतल्या तुमच्या दुकानात, शिवणयंत्राच्या पायट्याजवळ वाढलो. मला अ आ इ आधी आलं की पास्मा आधी, आठवत नाही. एकदा इस्त्री करून झाल्यावर मी हात धुवायला रांजणापाशी गेलो आणि तुम्ही कात्री टाकून धावत आलात. "तोतो! गरम हाताला पाणी? शिरा रुसतील! मग थरथर कापत बसशील जन्मभर!" त्या दिवशी तुमच्या चेहऱ्यावर जी भीती होती ती मी पुढे कोणाच्याच चेहऱ्यावर पाहिली नाही, वादळात छप्पर उडालं तेव्हासुद्धा. तेव्हापासून मी काम केलं की हात आधी गार होऊ देतो आणि मगच धुतो. अमेरिकेत आलो, इंग्रजी शिकलो, दाढी आली, पण गरम हाताला पाणी नाही. आमच्या घरात सगळेच असे. आई दिवसभर लोकांची अंगं पुसून येते आणि नळाकडे चोरासारखी बघत बसते.

आणि सूक्ष्मजीवशास्त्राचा पहिला नियम काय असावा? आत आलात की हात धुवा. बाहेर निघालात की हात धुवा. शिंकलात की हात धुवा. आमच्या डॉ. लिंडक्विस्ट बाई नळाशेजारी पोलिसासारख्या उभ्या असतात. मी गाड्यावरून थेट यायचो, हात तव्यासारखे तापलेले. पहिले काही दिवस मी लोकांच्या गर्दीत हात नुसते नळाखाली दाखवून काढून घ्यायचो. मग युक्ती सुचली. आईच्या पर्समध्ये स्पिरिटची बाटली असतेच (आपल्यातल्या कुठल्या बाईच्या पर्समध्ये नसते?). ती खिशात ठेवली. पाण्याला फाटा, जंतूही मेले, शिराही खूश! मला वाटलं मी विज्ञान आणि तियो यांचं लग्नच लावून दिलं.

त्या दिवशी हातांना स्पिरिट जरा सढळ चोळलं आणि ते वाळायच्या आत ज्योत पेटवली. तियो, हात निळा पेटला. आवाज नाही, धूर नाही, पाच बोटं पाच मेणबत्त्यांसारखी. क्षणभर मी बघतच राहिलो, इतकं ते सुंदर होतं. माझ्या टेबलावरचा जोडीदार डॅरेल, पूर्वी ट्रक चालवायचा, दंड माझ्या मांडीएवढे, त्याने माझं मनगट धरलं आणि हात नळाखाली कोंबला. मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "पाणी नको!"

"अरे वेड्या, जळतोयस तू!"

"जळू दे! पण पाणी नको!"

बाई धावत आल्या. "काय झालं याला?" डॅरेल म्हणाला, "बाई, हा आगीला भीत नाही, पाण्याला भितो. कुत्रं चावलंय बहुतेक." हसण्यावारी न्यायचं ना त्यांनी? नाही. त्यांनी गंभीरपणे मला विचारलं की गेल्या काही महिन्यांत कुत्रा, वटवाघूळ किंवा कोल्हा चावला आहे का, आणि मी तापून "मला कोणी चावलेलं नाही, पण आता मीच चावेन" असं म्हणाल्यावर दोन पावलं मागे सरून सगळ्या वर्गाला पिसाळलेल्या कुत्र्याच्या रोगावर माहिती दिली. मला उदाहरणादाखल उभं ठेवून. हाताला झालं काहीच नाही, चार केस जळाले. बाटली मात्र बाईंच्या कपाटात गेली आणि नवा नियम निघाला: यापुढे जुनेल आत आला की बाईंच्या देखत, साबणाने, कोपरापर्यंत.

त्या दिवसापासून माझा हात थरथरतो. गरम हाताला, नुसता गरम नाही तर पेटलेल्या हाताला, नळाचं बर्फासारखं पाणी! एवढा अस्सल पास्मा मोलोच्या इतिहासात कोणाला झाला नसेल. जंतू उचलायची तार ज्योतीवर धरली की ती मच्छरासारखी गुणगुणते. काचेवर थेंब ठेवायला जावं तर तो डॅरेलच्या काचेवर पडतो. आईने ऐकलं मात्र, तिने तुमचं ते कापराचं तेल काढलं आणि रोज संध्याकाळी मला दंडापर्यंत माखायला लागली. आता मी वर्गात शिरलो की लोकांचे डोळे चुरचुरतात. डॅरेल म्हणतो, "तुझ्या शेजारी बसून माझी सर्दी गेली, पण माझे जंतूही मेले."

मेरिफ्लोरला मी काही दिवसांपूर्वी सगळं खरं सांगितलं (ती म्हणाली, "तू नर्सिंगला नाहीस हे मला त्याच दिवशी कळलं होतं. नर्सिंगवाल्याला लुंपिया तळायला वेळ कुठून?"). पास्म्याचं सांगितल्यावर मात्र ती हसेल असं वाटलं होतं, ती हसली नाही. तिच्या आजीनेही तिला हेच शिकवलं आहे. म्हणाली, "वॉर्डात एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जाताना दर वेळी हात धुवायचे असतात, जुनेल. माझ्या आजीच्या हिशेबाने माझे हात केव्हाच गळून पडायला हवे होते. हे बघ." आणि तिने हात पुढे केला. तो इतका स्थिर होता की त्यावर पेला ठेवला तर पाणी हललं नसतं. मी तो धरला. (तिता, इथे खरंच वाचायचं थांबा.) ती म्हणाली, "तुझा हात पास्म्याने नाही थरथरत. तू घाबरला आहेस." मी इतका तापलो की उठून निघून गेलो आणि मग परत आलो, कारण माझं दप्तर राहिलं होतं, आणि तीही राहिली होती.

आता तुम्हाला म्हणून सांगतो, तिचं खरं आहे. मी घाबरलो आहे. आजच्या परीक्षेत बाईंच्या समोर हात धुवायचे, त्यांनी दिलेल्या नळीतला जंतू काचेवर घ्यायचा, ज्योतीवरून फिरवायचा, रंग द्यायचा, धुवायचा, पुन्हा रंग द्यायचा, आणि सांगायचं की तो जांभळा आहे की गुलाबी. मधलं धुणं एका श्वासाने जास्त झालं की जांभळ्याचाही गुलाबी होतो आणि मी संपलो. पण तियो, मला त्या काचेची भीती नाही वाटत. मला त्यापुढची वाटते. समजा सुटलो. समजा एक दिवस निळा गणवेश चढवून कुणा म्हाताऱ्याच्या खाटेपाशी उभा राहिलो, हातात सुई आहे, तो माझ्याकडे विश्वासाने बघतोय आणि हात हलला. लुंपिया करपली तर पाठीत चमचा बसतो. तिथे काय बसेल? आणि त्याहून मोठी भीती म्हणजे, पुस्तकं वाचायला लागल्यापासून मला माणसं दिसेनाशी झाली आहेत, त्यांच्या आतलं दिसायला लागलं आहे. बसमध्ये कोणी खोकलं की मी त्याचं फुप्फुस बघतो. आई पायऱ्या चढून थांबली की मी तिचे घोटे बघतो. पूर्वी मी मूर्ख होतो आणि रात्रभर झोपायचो. काल कँटीनमध्ये मेरिफ्लोर तिच्या परीक्षेसाठी निरनिराळे रोगी करून दाखवत होती, तर एक रोगी पाहून माझं जेवण ताटातच राहिलं. ते असो.

परीक्षा आज दुपारी आहे. मेणबत्ती लावा म्हटलं असतं, पण हे पत्र पोचेपर्यंत निकाल लागलेला असेल. तरी लावा. मागल्या तारखेनेही देव ऐकतो, असं तुम्हीच कोंबड्यांच्या बाबतीत सांगितलं होतं.

तुमच्या पायट्याजवळ वाढलेला,
जुनेल

ता. क. कापराचं तेल संपलं आहे. कृपा करून पुन्हा पाठवू नये. ओफेलिया तिता "बाटली देऊ का" म्हणून मागे लागतील, त्यांनाही देऊ नये.

दुसरा ता. क. आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. वर एवढी पानं मी माझ्या हाताचं रडगाणं गायलो, कारण तुमच्या हाताबद्दल लिहायची छाती होत नव्हती.

मेरिफ्लोरने दोन रोगी करून दाखवले. पहिल्याचा हात मांडीवर असला की शांत, पेला उचलला की थरथर. "हा तू," ती म्हणाली. "ही भीती. किंवा फार कॉफी." दुसऱ्याचा हात मांडीवर नुसता पडलेला, काही काम नाही, आणि अंगठा व बोट आपलेआप चाललेले, जणू चिमटीत दोऱ्याला पीळ देतायत. पेला उचलला की थांबले. तियो, तो पीळ मी ओळखला. परवा फोनवर तुमचा डावा हात गुडघ्यावर तेच करत होता, आणि तुम्ही म्हणालात, "बँडच्या गणवेशांना इस्त्री करून हात धुतले होते, त्याचा जुना पास्मा आहे, इतक्या वर्षांनी वर आलाय."

मी तिला विचारलं, याला वासही येत नाही का? ती दचकली. "बऱ्याच जणांना नाही येत. पण तो धडा तुमचा अजून व्हायचाय, तुला कसं माहीत?" मी विचारलं, चालताना, नाचताना एक हात अंगाला चिकटून राहतो? विनोद सांगितला तरी चेहरा हसत नाही? तिने माझं ताट उचलून बाजूला ठेवलं आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. मी नर्सिंगच्या दाराबाहेरचा लुंपियावाला आहे आणि गेल्या सत्रात माझा जंतू चुकला होता, तसंच हेही चुकावं म्हणून मी गुडघे टेकून आलो आहे. पण तुम्ही नेनेंगला घेऊन मेंदूच्या डॉक्टरकडे जा. तेच, म्हणजे कंपवात, असलं तर त्याला गोळ्या आहेत, पुष्कळांचा हात पुन्हा सुईत दोरा ओवण्याइतका सुधारतो, असं ती म्हणाली. तेलाने सुधारत नाही. फोनवर हे बोलता आलं नाही, कारण आई शेजारी बसलेली असते, आणि तुम्ही तापता, मग मी तापतो, मग दोघं फोन आपटतो.

तिसरा ता. क. तुम्ही म्हणणार, "तोतो, पुस्तकं वाचून अक्कल गेली, हा पास्माच." पुस्तकाने तुम्हाला पटणार नाही, म्हणून पैज लावतो. आत्ताच मी परीक्षेचा पांढरा कोट इस्त्री केला, तुम्ही शिकवलात तसा, आधी कॉलर, मग बाह्या, पाठ शेवटी. हात असे तापले आहेत की कागद ऊन लागतोय. आता मी उठून नळाकडे जाणार आहे. माझा हात आज दुपारी स्थिर राहिला तर पास्मा खोटा आणि तुम्ही सोमवारी डॉक्टरकडे. थरथरला तर ती माझी भीती, पास्मा नव्हेच, आणि तरीही तुम्ही सोमवारी डॉक्टरकडे. (दोन्ही अंगांनी आपलाच कोंबडा उतरवायचा, हे मला आखाड्यात कोणी शिकवलं?)

शेवटचा ता. क. धुतले. कोपरापर्यंत, साबणाने, नळ पूर्ण सोडून. आई दारात उभी राहून बघत होती, तिने छातीवर क्रूस काढला, पण अडवलं नाही. शिरा रुसल्या की नाही ते अजून कळत नाही. वरची शाई फुटली आहे ती पाण्याने, दुसऱ्या कशाने नाही. भीती होती तेवढीच आहे, तिला पाणी लागलेलं नाही. ओफेलिया तिता गाडीत बसून भोंगा वाजवतायत. कोट हातावर घेतला, बाहेर आलो, दार लावलं. ही ओळ त्याच दारावर कागद टेकवून लिहितो आहे. अक्षर हललेलं दिसलं तर दार खडबडीत आहे.